गेममधले जुगाराचे अड्डे गायब कुठे झाले?

मागच्या अंकात आरपीजीमधल्या (एखादं पात्र घेऊन लांबलचक गोष्ट खेळायचे गेम) मिनी-गेम्सवर लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं, की मासेमारी आहे, शर्यती आहेत, पत्ते आहेत, पण कसिनो मात्र हल्ली दिसेनासे झालेत. बाकी सगळा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. त्यातली काही घेतोय, लांबलचक होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: दादा, लहानपणी पोकेमॉनमध्ये गेम कॉर्नरला तासन्‌तास स्लॉट मशीन फिरवत बसायचो. परवा भाचीसाठी ब्रिलियंट डायमंड हा नवा पोकेमॉन आणला आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, चल व्हेलस्टोन शहरात, तुला मामाची जागा दाखवतो. जाऊन बघतो तर तिथे कपड्यांचं दुकान! भाची खूश, मी गार. मशीनी गेल्या कुठे?
— पोरीगॉनवाला मामा

मामा, नाव बघूनच कळलं की तू रेड किंवा ब्लू खेळलेला आहेस. बाकीच्यांसाठी सांगतो: १९९६ च्या पहिल्या पोकेमॉनमध्ये सेलाडॉन शहरात गेम कॉर्नर म्हणजे गेममधला कसिनो होता, आणि पोरीगॉन नावाचा पोकेमॉन फक्त तिथल्या बक्षिसांच्या खिडकीत मिळायचा. ब्लूमध्ये ६५०० कॉइन्सला, रेडमध्ये थेट ९९९९ ला. कॉइन्स विकतही मिळायचे, गेममधल्या १००० रुपड्यांना ५०, पण एका वेळी ५० च, म्हणजे रेडवाल्याला काउंटरवर जवळपास २०० वेळा तोच संवाद ऐकत बटण दाबायला लागायचं, त्यापेक्षा मशीन फिरवलेली बरी असंच कुणालाही वाटणार. आणि गंमत म्हणजे त्या जागेच्या तळघरात टीम रॉकेटचा अड्डा, भिंतीवरच्या पोस्टरमागे बटण. जुगाराचा धंदा चोरांच्या हातात आहे हे गेम स्वतःच सांगत होता, त्यासाठी वेगळ्या सूचनेची गरज नव्हती.

मग झालं असं. २००६ मध्ये दक्षिण कोरियात 'सी स्टोरी' नावाच्या आर्केड मशीनवरून प्रचंड गदारोळ झाला, मशीनवर जिंकलेल्या कूपनांचे बाहेर रोख पैसे होत होते, म्हणजे खेळाच्या नावाखाली सरळ जुगार. त्यानंतर तिथे जुगारासारख्या दिसणाऱ्या कुठल्याही खेळाकडे फार कडक नजरेनं बघायला लागले, आणि डायमंड-पर्ल या नंतरच्या पोकेमॉन गेमच्या कोरियन आवृत्तीतून स्लॉट मशीन काढून टाकल्या गेल्या. युरोपातही गेमला वयाचं रेटिंग देणारी पेगी ही संस्था जुगाराच्या बाबतीत कडक होत गेली, आणि २००९ मध्ये त्याच मालिकेतला प्लॅटिनम युरोपात आला तेव्हा मशीन जागेवर होत्या पण खेळता येत नव्हत्या. त्याच्या पुढचे हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर. जपानी आवृत्तीत स्लॉट तसेच, बाकी जगाला मात्र 'व्होल्टॉर्ब फ्लिप' नावाचं कोडं, आणि कॉइन्स विकत घ्यायची सोयच काढून टाकलेली.

इथे निर्माता कंपनीच्या जागी बसून विचार कर. एका कोपऱ्यातल्या खेळासाठी दोन वेगळ्या आवृत्त्या बनवायच्या, दोन्ही तपासायच्या, बक्षिसांच्या किमती दोन्हीकडे जुळवायच्या, आणि एवढं करून एखाद्या देशात अख्ख्या गेमच्या डब्यावरचा वयाचा आकडा वर गेला तर ज्या पोरांसाठी गेम बनवलाय त्यांचेच आईबाप तो परत ठेवणार. २०१० च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये त्यांनी गेम कॉर्नर ठेवलाच नाही, सुंठीवाचून खोकला गेला. त्यानंतर रिमेकमध्येही, म्हणजे जुन्या गेमच्या नव्यानं बनवलेल्या आवृत्त्यांमध्येही तेच. २०१४ च्या ओमेगा रुबी-अल्फा सफायरमध्ये मॉव्हिलचा गेम कॉर्नर बंद पडलेला दाखवलाय, आणि २०२१ मध्ये तुझ्या व्हेलस्टोनमध्ये कपडे आले. तो आकडा किती हलतो हे बघायचं तर २०१६ ला जुने रेड-ब्लू जसेच्या तसे ३डीएस या हातातल्या कन्सोलवर आले तेव्हा युरोपात त्यांना १२ चं रेटिंग लागलं. तेच भुरे-करडे ठिपके, तीच मशीन, वीस वर्षांनी अचानक बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी!

एक सांगू का पण? व्होल्टॉर्ब फ्लिप स्लॉटपेक्षा कितीतरी सरस होता. पाच बाय पाचचे पालथे पत्ते, प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीच्या शेवटी त्या ओळीतली बेरीज आणि बॉम्ब किती ते लिहिलेलं, आणि प्रत्येक पत्त्याला मनात गणित करायचं की उलटू का इथेच थांबून कॉइन्स घेऊ. नशीब होतंच, पण डोकंही लागायचं. तेव्हा प्रत्येक बदल म्हणजे नुकसानच असं नाही, फक्त पुढच्या वेळी तो बदलही काढला गेला हे वाईट.

प्रश्न: मला हा सगळा प्रकारच ढोंगी वाटतो. गेममधली नाणी खोटी, जिंकलो तरी खिशात काही येत नाही, हरलो तरी जात नाही. त्याला १८ प्लस. आणि फुटबॉलच्या गेममध्ये खरे पैसे टाकून बंद पॅक फोडायचे, आत कोण खेळाडू निघेल देव जाणे, ते तीन वर्षांच्या पोराला चालतं? कोण ठरवतं हे?
— चिडलेला

भाऊ, चिडायचं कारण आहे, आणि तुझ्या आधी हेच एका गेम बनवणाऱ्यानं जाहीरपणे बोलून झालंय.

बलात्रो नावाचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. पोकरचे हात लावून गुण मिळवायचे, जोकर जमवून ते गुण फुगवायचे, एवढंच. पैज नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही, खऱ्या पैशाचा तर संबंधच नाही, चिप्स म्हणजे निव्वळ गुण. बाजारात आल्यावर काही दिवसांतच पेगीचं रेटिंग ३ वरून उडी मारून १८ झालं आणि काही देशांत कन्सोलच्या दुकानातून तो तात्पुरता खाली उतरवला गेला. कारण काय, तर यातून पोकरचे हात शिकता येतात आणि ते खऱ्या टेबलावर वापरता येतील. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा निर्माता, जो लोकलथंक या टोपणनावानं वावरतो, त्यानं टोमणा मारला की रेटिंग ३ वर आणायला आता मायक्रोट्रान्झॅक्शन (खऱ्या पैशांची छोटी खरेदी) आणि लूट बॉक्स (आत काय ते न सांगता विकायचे बंद पॅक) घालू का, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फुटबॉल गेमसारखे. तो फुटबॉल गेम तेव्हा पेगी ३ होता, पॅकसकट. पुढे अपील झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बलात्रो १२ वर आला, स्लॉट मशीनवर बेतलेला 'लक बी अ लँडलॉर्ड' सुद्धा.

चोर सोडून संन्याशाला फाशी, बरोबर. पण हे असं का होतं ते समजून घे, कारण त्यात कुणी दुष्ट बसलेला नाहीये. रेटिंग देणारी माणसं पूर्वीपासून पडद्यावर काय दिसतं ते बघत आली आहेत. रक्त दिसतंय का, शिवी ऐकू येते का, रुलेटचं चक्र फिरतंय का. यादीत टिक मारायची. २०२० मध्ये पेगीनं नियम केला की कसिनोत किंवा सट्ट्याच्या दुकानात चालतो तसला खेळ गेम शिकवत असेल किंवा त्याचं कौतुक करत असेल तर नव्या गेमला थेट १८. हे पडद्याकडे बघून ठरवता येतं. पण बंद पॅकमध्ये ना चक्र दिसतं ना लाल-काळं टेबल, दिसतो तो चकचकीत पुडा आणि नाचणारा खेळाडू. जुगार त्याच्या दिसण्यात नाही, पैसे घ्यायच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत बघायला ही यादी बनलेलीच नव्हती. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी डब्यावर 'पैसे देऊन विकत घ्यायच्या वस्तू, त्यात नशिबावर मिळणाऱ्याही' अशी सूचना घातली खरी, पण सूचना म्हणजे आकडा नव्हे.

ऑस्ट्रेलियाचं बघ. २२ सप्टेंबर २०२४ पासून तिथे नव्या गेममध्ये नकली जुगार खेळता येत असेल तर आर १८ प्लस, म्हणजे लहानांना विकणं कायद्यानं बंद. आणि पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स असतील तर किमान एम, जो फक्त सल्ला आहे, पंधरा वर्षांच्या आतल्यांना शिफारस नाही एवढाच. म्हणजे निदान दोन्हींचा विचार एकत्र केला म्हणायचं, पण वजन परत उलटंच टाकलं. बेल्जियमनं मात्र २०१८ मध्येच सरळ सांगितलं की पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स हा जुगार आहे, काढा. काही कंपन्यांनी तिथे ती विक्री बंदही केली.

प्रश्न: ड्रॅगन क्वेस्ट ४ या जुन्या आरपीजीमध्ये चार नाण्यांत लाखो कसिनो कॉइन्स मिळायचे हे खरं की दंतकथा?
— शंकासुर

शंभर टक्के खरं, आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा. १९९० ची फॅमिकॉम या जुन्या जपानी कन्सोलवरची मूळ आवृत्ती, पाचवा अध्याय, एका कॉइनची किंमत २० सोन्याची नाणी. काउंटरवर सांगायचं, मला ८३८८६१ कॉइन्स पाहिजेत. किंमत होते १,६७,७७,२२०. आता हा हिशोब गेम तीन बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या तीन छोट्या कप्प्यांत ठेवायचा आणि तीन बाइटमध्ये जास्तीत जास्त १,६७,७७,२१५ मावतात, त्याच्या पुढे एक गेलं की परत शून्यापासून. म्हणजे १,६७,७७,२१६ ला शून्य, आणि आपल्या आकड्याला उरले ४. काउंटरवरची बाई चार नाणी घेऊन आठ लाखांवर कॉइन्स हातात ठेवायची आणि तुम्ही बक्षिसाच्या खिडकीतली सगळ्यात तगडी ढाल उचलून चालू पडायचं. कसिनो लुटायचा हा इतका सोपा मार्ग दुसरीकडे कुठे नाही, करून बघायची वेळ आली तर त्या आवृत्तीतच करा, नंतरच्या रिमेकमध्ये जमत नाही.

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याच्या मामेभावानं त्याला जुना पोकेमॉन दिला आणि तो रोज त्यातल्या स्लॉट मशीनवर बसतो. घरात कुणाला जुगाराचा नाद नाही. यातून सवय लागेल का? गेम काढून घेऊ का हातातून?
— एक आई

ताई, काढून घेऊ नका, आधी त्याच्या शेजारी बसा. जुन्या गेममध्ये मुलगा हरला तर त्याचे जातात गेममधले पैसे, जे दोन लढाया केल्या की परत येतात, आणि त्याला पाहिजे असलेलं बक्षीस एकदा मिळालं की तिथे बसायचं कारणच संपतं. बहुतेक पोरं तिथवर पोचायच्या आधीच कंटाळतात. फिरणारी चित्रं आणि नाण्यांचा खणखणाट यांची ओढ मुळीच नसते असं मी म्हणणार नाही, स्लॉट मशीन बनवलेलीच ओढ लागावी म्हणून असते, तेव्हा त्याला एक वही द्या आणि सांगा की किती कॉइन्स घातले आणि किती आले ते लिही. अकरा वर्षांच्या मुलाला शक्यता म्हणजे काय हे शिकवायला याच्यापेक्षा स्वस्त साधन मिळणार नाही.

काळजी करायचीच असेल तर त्याच्या फोनकडे बघा. फोनवर कुठला फुकट आरपीजी आहे का, त्यात हिरे-स्फटिक असलं काही विकत घेता येतं का, आणि ते देऊन आत कुठलं पात्र निघेल हे न सांगता 'खेचायला' लावतात का. याला गाचा म्हणतात. तिथे बक्षीस मिळालं तरी कारण संपत नाही, कारण दर थोड्या आठवड्यांनी नवं पात्र येतं आणि जुनं फिकं वाटायला लागतं, शिवाय 'फक्त अजून सहा दिवस' असं घड्याळ टिकटिकत असतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं गेन्शिन इम्पॅक्ट या गाचा गेमच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यात एक अट अशी की सोळाच्या आतल्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत. जपाननं तर २०१२ मध्येच गाचाचा एक प्रकार बंद पाडला होता, ज्यात ठरावीक संच पूर्ण केला की मोठं बक्षीस, आणि संचातला शेवटचा तुकडा निघता निघत नाही.

तेव्हा पैसे भरायचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, आणि पोकेमॉन खेळू द्या.

प्रश्न: उगाच गळे काढू नका. खेळायच्या आधी सेव्ह, हरलो की लोड, जिंकलो की परत सेव्ह. याला जुगार म्हणतात? मेले ते बरं झालं.
— सेव्हवीर

हा मुद्दा मात्र पटला. कसिनो कमी होण्यात रेटिंगचा हात मोठा, पण डिझाइन म्हणूनही ते बऱ्याचदा फसलेलेच होते, आळशी माणसाला तगडं शस्त्र मिळवायचा कंटाळवाणा मार्ग. ज्यांनी मन लावून बनवले ते वेगळे. फॉलआउट न्यू व्हेगसमध्ये, २०१० चा, लोड करून टेबलावर बसलास तर गेम तुला थोडा वेळ खेळूच देत नाही, थांब म्हणतो. तुझ्या पात्राचं नशीब हा आकडा ब्लॅकजॅकच्या (एकवीसच्या जवळ जायचा डाव) पत्त्यांवर खरोखर परिणाम करतो, आणि फार जिंकलास की आधी फुकट पेयं-खोल्या देऊन चुचकारतात आणि मग व्यवस्थापक येऊन सांगतो की बास, आता आमच्याकडे खेळायचं नाही. तिथे कसिनो हा गोष्टीचाच भाग आहे, शहरच त्याच्यावर उभं आहे. पण तो गेम मुळात मोठ्यांचा, रेटिंग वर जाण्याची भीतीच नव्हती, म्हणून हे सगळं करता आलं.

प्रश्न: आम्ही तिघं मिळून एक छोटा आरपीजी बनवतोय. त्यात सरायमध्ये बसून फाशांचा खेळ खेळता येतो, पैज लावून. आता हे सगळं वाचून घाबरलोय. काढून टाकू का?
— फासे हातात घेऊन बसलेला

लगेच काढू नकोस. पहिली गोष्ट, बऱ्याच डिजिटल दुकानांत रेटिंग एका प्रश्नावलीवरून लागतं, आयएआरसी म्हणतात तिला, त्यात जुगाराबद्दल सरळ विचारतात आणि उत्तर खरंच द्यायचं, कारण नंतर कुणी तपासलं तर आकडा बाजारात आल्यावर बदलतो आणि बलात्रोसारखा गेम ऐन विक्रीच्या दिवसांत दुकानातून उतरतो. तिघांच्या टीमला ते झेपणार नाही.

दुसरं, पैज आणि खेळ वेगळे करता येतात का बघ. विचर या आरपीजी मालिकेच्या पहिल्या दोन भागांत फाशांचा पोकर होता, २०१५ च्या तिसऱ्यात त्यांनी ग्वेंट आणला, स्वतःचा पत्त्यांचा खेळ. त्यातही पैज लावता येते, पण लोक खेळले ते पत्ते जमवायला, आणि पुढे त्याचा स्वतंत्र गेम निघाला. २००३ च्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकमधला पझाकही बघ, वीसच्या जवळ जायचं, म्हणजे ब्लॅकजॅकचा चुलतभाऊ, पण खिशात स्वतः निवडलेले अधिक-उण्याचे पत्ते, त्यामुळे डाव कुठे फिरवायचा ते तुझ्या हातात. खऱ्या कसिनोत जाऊन कुणाला पझाक खेळता येत नाही. पण स्वतःचे नियम केले म्हणजे सुटलो असंही समजू नकोस, ऑस्ट्रेलियात खेळ जुगारासारखा वाटतो का आणि पैज लागते का हे बघतात. तिथे विकायचं असेल तर पैजेऐवजी ठरावीक बक्षीस ठेव, म्हणजे सरायमधल्या पैलवानाला हरवलं की त्याची कट्यार तुझी, हरलास तर टोमणे खायचे. अशानं पैज लावण्यापेक्षा तो पैलवानच जास्त लक्षात राहतो. ड्रॅगन क्वेस्ट ३ च्या रिमेकमध्ये, २०२४ च्या, त्यांनी हेच केलंय, मूळ गेममध्ये राक्षसांच्या लढाईवर पैसे लावायचे, आता आपणच जमवलेले राक्षस आखाड्यात उतरवायचे.

आणि गेममधलं नाणं खऱ्या पैशानं कधीच विकायला काढू नकोस, पुढच्या अपडेटमध्येही नाही. जीटीए ऑनलाइनमध्ये २०१९ ला कसिनो उघडला तेव्हा त्यातले जुगाराचे खेळ बऱ्याच देशांत चालूच करता आले नाहीत, कारण चिप्स गेममधल्या डॉलरनी मिळायच्या आणि ते डॉलर खऱ्या पैशांनी.

प्रश्न: बाकी राहू दे, आता खेळायचं तर कुठे मिळेल ते सांग.
— थेट मुद्द्यावर

ड्रॅगन क्वेस्ट ११, दोन कसिनो, स्लॉट-पोकर-रुलेट सगळं, आणि जुनं रेटिंग लागलेलं असल्यानं अजून शाबूत. याकुझा: लाइक अ ड्रॅगन, मोठ्यांसाठीच आहे, त्यात जपानी पत्ते, फासे, माजाँग, शिकायलाच महिना जाईल. सुइकोडेनचा २०२५ चा रिमास्टर, चिंचिरोरिन नावाचा वाडग्यातला फाशांचा खेळ, १९९५ मध्ये होता तसा. फायनल फँटसी १४ मध्ये गोल्ड सॉसर नावाची करमणुकीची जागा, रोज तीन छोटी लॉटरी तिकिटं आणि आठवड्याला एक मोठी सोडत, पण तिथली एमजीपी ही वेगळी नाणी आहेत, ती परत गेमच्या मुख्य चलनात बदलून मिळत नाहीत, त्यामुळे त्यातून श्रीमंत व्हायचा बेत असेल तर सोड. स्लॉटच पाहिजे असतील तर ड्रॅगन क्वेस्ट घे, फासे पाहिजे असतील तर सुइकोडेन, आणि दोन्ही सेव्ह करून खेळता येतात, सेव्हवीराला सांगू नकोस.